एकास बहात्तर

आमच्या घरात एक हवाई दल आहे. त्यात एकतीस विमाने आहेत. त्यांतले एकही उडत नाही आणि सर्वांचा तळ एकाच काचेच्या कपाटात आहे. या कपाटात पूर्वी आमच्या सौभाग्यवतींचा चिनी मातीचा टी-सेट असे. तो आता माळ्यावर असतो. तो तिथे कसा गेला आणि त्या वेळी कोण काय बोलले, हा मजकूर सणासुदीच्या अंकात शोभणार नाही. तेव्हा तो सोडून देऊ.

‘या वयात खेळणी?’ असे पाहुणे विचारतात. मी रागावत नाही. पहिली पेटी हाती आली तेव्हा मीही हेच म्हणालो होतो.

मी राहतो पिंपरीच्या संत तुकाराम नगरात. यशवंतराव चव्हाण रुग्णालय आणि आचार्य अत्रे रंगमंदिर यांच्या आसपासची ही वसाहत. २०२२ सालापासून आमच्या नावाचे मेट्रो स्टेशनही झाले आहे, त्यामुळे पुण्याच्या नातेवाइकांना आता न येण्यासाठी सबब उरलेली नाही. वस्ती बहुतेक कामगारांची. कोणी भोसरीला, कोणी आकुर्डीला, तरुण मंडळी चाकणला. मी स्वतः चौतीस वर्षे भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये डाय बनवीत होतो. डाय म्हणजे पोलादी साचा. तुमच्या स्कूटरच्या दिव्याभोवतीची चौकट घ्या, नाहीतर मुलाच्या डब्याचे झाकण घ्या; अशा प्रत्येक प्लास्टिकच्या वस्तूमागे कुठेतरी पोलादाचे दोन ठोकळे असतात आणि त्यांवर एखाद्या माणसाचे महिनेच्या महिने खर्ची पडलेले असतात. वस्तू लाखो घरांत जाते. साचा कोणी पाहत नाही.

निवृत्तीच्या दिवशी भाच्याने एक पेटी भेट दिली. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना लटकलेले साठ-सत्तर तुकडे, एक घडीचा कागद. स्पिटफायर नावाचे इंग्लिश लढाऊ विमान. मी हसून पेटी बाजूला ठेवणार, तोच सवयीने एक तुकडा उजेडाकडे धरला. दोन साचे जिथे मिळतात तिथली रेघ केसाइतकी बारीक. साच्यातून तुकडा बाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या गोल खुणा सगळ्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसू नयेत अशा. कुठे फुगवटा नाही की खळगा नाही. ज्या अनोळखी माणसाने तो साचा घडवला होता त्याला मी मनातल्या मनात रामराम केला आणि त्याच रात्री कामाला बसलो.

इंचाला सहा फूट

या विमानांचे सर्वांत रूढ प्रमाण एकास बहात्तर. हा आकडा कुठून आला? हिशेब फुटाचा आहे. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे नमुन्याचा एक इंच. सहा फुटांचे इंच बहात्तर. म्हणजे सहा फुटी वैमानिक या जगात बरोबर एक इंचाचा! इंग्लंडमध्ये १९३२ साली ‘स्कायबर्ड्स’ या नावाने या प्रमाणातले लाकडी संच निघाले. १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ने तेच प्लास्टिकमध्ये आणले. पुढे महायुद्ध आले आणि खेळण्याला एकदम कामगिरी मिळाली. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखता यावे म्हणून सैनिकांना छोटे नमुने दाखवून शिकवीत. अमेरिकेत तर १९४२ पासून शाळांतल्या मुलांनी असे लाकडी नमुने ढिगांनी करून दिले. प्रमाण तेच, एकास बहात्तर. युद्धानंतर १९५३ साली एअरफिक्स कंपनीचे स्पिटफायर बाजारात आले आणि हा छंद घरोघर पोचला. पुढे जपानच्या शिझुओका प्रांतातल्या तामिया, हासेगावा या मंडळींनी साच्याची कला अशा थराला नेली की आमच्यासारख्याने पाहतच राहावे.

इथे आमच्या धंद्यातल्या माणसाची एक पंचाईत होते. आम्ही शतांश मिलिमीटरवर जगलेलो. पहिली दोन वर्षे मी व्हर्निअर घेऊन बसे आणि प्रत्येक माप बहात्तरने गुणून पाही. त्यातून जे कळले त्याने झोप उडाली. नमुन्याच्या पंखावर पत्र्यांचे सांधे दाखवण्यासाठी बारीक चर कोरलेले असतात. रुंदी साधारण दोन दशांश मिलिमीटर. बहात्तरने गुणा. चौदा मिलिमीटर! खऱ्या विमानाच्या पत्र्यांत बोट जाईल एवढी फट असती तर ते धावपट्टीवरून उठले असते का? रंगाचेही तसेच. ब्रशने दिलेला रंगाचा हात दोन-तीन शतांश मिलिमीटर जाडीचा धरा. त्या हिशेबाने खऱ्या विमानावर जवळजवळ दोन मिलिमीटरचा गिलावा होईल.

आणि तरीही ते चर बुजवले तर विमान साबणाच्या वडीसारखे दिसते. म्हणजे थोडे चुकीचे केले तरच डोळ्याला बरोबर वाटते. रंगाची छटाही खऱ्या विमानावरची जशीच्या तशी लावली तर काळपट, जड वाटते. त्यात दोन थेंब पांढरा मिसळावा लागतो. कारण सोपे आहे. बोटभर विमान समोर धरणे म्हणजे खरे विमान लांबून पाहणे, आणि लांबचे सगळेच फिके दिसते. दुरून डोंगर साजरे दिसतात, पण जरा निळसर, पुसटही दिसतात की नाही?

नव्या हौशी मंडळींसाठी

कोणाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. सुरुवात एका इंजिनाच्या छोट्या विमानाने करावी. चार इंजिनांचे बाँबर पेटीवरच्या चित्रातच बरे. चौकटी आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवाव्यात, कारण साच्याचे तेल अंगाला असते आणि त्यावर रंग धरत नाही. धारदार पाते, बारीक कानस, पॉलिश पेपर, चिमटा आणि दोन चांगले ब्रश एवढ्यावर वर्ष निघते. खिडकी उघडी ठेवावी; या कामातला गोंद वासाला उग्र असतो. हा गोंद खरे म्हणजे चिकटवतच नाही. तो प्लास्टिक वितळवतो आणि दोन कडा एकजीव करतो. एकदा लागलेला सांधा पुन्हा उघडत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. मीही हे इतरांना नेहमी बजावून सांगत असे. पुढे माझ्यावरच पाळी आली, ती कशी ते आता सांगतो.

नानांचे विमान

आमच्या समोरच्या घरात एक नाना राहतात. वय ऐंशीच्या घरात. मुलगा चाकणला नोकरीला, म्हणून नाशिककडचे बिऱ्हाड हलवून ते इकडे आले. सहा वर्षांचा आमचा शेजार. पण ‘नाशिकला कारखान्यात होतो’ यापलीकडे त्यांनी कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. कारखान्यात तर इथे सगळेच असतात.

२६ सप्टेंबर २०२५. त्या दिवशी चंडीगडला मिग-२१ विमानांना हवाई दलाने निरोप दिला. १९६३ साली याच चंडीगडला या विमानांची आपली पहिली तुकडी उभी राहिली होती. मी दूरदर्शन संचासमोर बसलो होतो. नाना आणि त्यांची दहा वर्षांची नात आमच्याकडेच आले होते. शेवटचे विमान उतरले, तेव्हा नानांनी चष्मा काढून पुसला आणि सहज म्हणावे तसे म्हणाले,

“ओझरला यांची इंजिनं बसवायचो आम्ही.”

मी उडालोच! ओझर म्हणजे नाशिकजवळचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना. १९६४ साली तो विभाग निघाला तोच मुळी मिगसाठी. आपल्या देशात सहाशेहून अधिक मिग-२१ बांधली गेली. आणि त्यांतल्या कितीकांच्या पोटात हात घातलेला माणूस सहा वर्षे माझ्या दारासमोर चपला काढीत होता, आणि मी त्याला स्पिटफायरविषयी व्याख्याने देत होतो!

“आजोबा, फोटो दाखवा ना तुमचा, विमानाबरोबरचा,” नात म्हणाली.

“फोटो कुठला? संरक्षणाचं काम. आत कॅमेरा न्यायचा नाही.”

“एकपण नाही?”

“एकपण नाही.”

नात काही बोलली नाही. पण मुलांच्या चेहऱ्यावर लिहिलेले वाचता येते. तिला आजोबांचे खरे वाटले होते की नाही, कोण जाणे.

त्यांत नानांना काचबिंदू. बाजूचे दिसणे जवळजवळ गेलेले. समोरचे, तेही नाकाशी धरून, थोडे दिसे. मी त्याच रात्री पलंगाखालची पेटी काढली. आमच्या छंदात न बांधलेल्या पेट्या साठवण्याचा एक रोग असतो; त्याचा प्रथमच उपयोग झाला. मिग-२१ एफएल, नानांच्या उमेदीच्या काळातले. पंखांचा पसारा खरा सव्वासात मीटरच्या आत. बहात्तरने भागला की जेमतेम दहा सेंटीमीटर. वसुबारसेला तीन आठवडे होते. तोवर नानांच्या हातात त्यांचे विमान द्यायचे, असे मी ठरवले.

घाईने करायचे काम हे नव्हे. मिगचे वजन शेपटीकडे जाते, म्हणून नाकातल्या शंकूमागे शिसे भरावे लागते. ते मी विसरलो. चाकांवर ठेवल्याबरोबर स्वारी नाक वर करून शेपटीवर बसली! पुन्हा उघडून शिसे भरले. मग झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने कॉकपिटची काच पांढरी झाली. ती टूथपेस्टने घासून घासून निवळली. नाकावरची लांब नळी ब्रशच्या फटक्याने मोडली. तिच्या जागी औषधाच्या दुकानातून आणलेली इंजेक्शनची सुई बसवली, आणि ती मूळच्या नळीपेक्षा सरस दिसली. काळ्या चकचकीत रंगावर ॲल्युमिनियमचा हात दिला. पंखांवर आपली वर्तुळे चढवली. मध्ये हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी. पंखांमागच्या भागावरचे सांधे मी असे एकजीव केले होते की भिंगातूनही रेघ दिसू नये.

कोजागिरीला गच्चीवर दूध होते. तिथे दिव्याखाली मी विमान नानांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते डोळ्याशी नेले, मग डोळे मिटून बोटाने चाचपले. नाक, काच, पंख. पंखांच्या मागच्या कडेशी बोट थांबले. तिथेच दोनदा, तीनदा फिरले.

“फार सुरेख केलंय, मिस्त्री,” ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, “पण आम्ही असं कधी पाह्यलं नाही.”

“म्हणजे?”

“असं बंद. बंद झालं की ते आमच्याकडून गेलं. इथं ते उघडतं. शेपटाकडचं सगळं धूड सुटं करून गाडीवर मागं ओढायचं, मग इंजिन आत. आमचं काम इथं.” त्यांचे बोट माझ्या एकजीव सांध्यावर होते. “आणि जमिनीवर विमान असं एकटं नसतं हो. माणसं असतात.”

त्यांना तक्रार करायची नव्हती. ते दूध पीत राहिले. मी मात्र त्या रात्री कपाट उघडून उभा राहिलो. एकतीस विमाने, आणि माणूस एकही नाही. चौतीस वर्षे मीच कुरकुरत आलो की वस्तू सगळ्यांना दिसते, करणारा कोणाला दिसत नाही. आणि माझ्या कपाटात तरी दुसरे काय होते?

देखावा

माणसे, जमीन, अवजारे यांसह मांडलेल्या अशा प्रसंगाला इंग्रजी-फ्रेंच मंडळी ‘डायोरामा’ म्हणतात. हा शब्द १८२२ साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या गृहस्थाने चालवलेल्या एका खेळाचा. मोठमोठ्या चित्रित पडद्यांवर प्रकाश बदलून तो लोकांना खऱ्याचा भास करून देई. याच दागेरने पुढे १८३९ साली फोटोग्राफीची आपली पद्धत जगापुढे ठेवली. मला हे फार आवडते. ज्याला फोटो नाही त्याने देखावा करावा, असा त्यातून मी माझ्यापुरता अर्थ काढला.

शब्द परका असला तरी वस्तू आपल्याला नवी नाही. मुंबईला भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून लोकांसाठी उघडे आहे. तिथे निरनिराळ्या धंद्यांतल्या लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आणि देखावे पाहायला मिळतात. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ सालापासून आहे. तिथे गाडी हलते तेव्हा पोरेच काय, आजोबाही टाचा उंच करतात. गणपतीतले हलते देखावे तर आपण लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेले. आणि दिवाळीचा किल्ला? दगडविटा, गोणपाट, लाल माती, वर पेरलेले अहळीव, बुरुजावर मावळे. महाराष्ट्रातले प्रत्येक मूल आठव्या वर्षीच हे काम शिकलेले असते. पुढे विसरते, एवढेच.

करवत

दुसऱ्या दिवशी मी विमान शेगड्यात धरले. पातळ पात्याची करवत घेतली. पोलादात चूक झाली की हजारोंचा साचा भंगारात जातो, तो धोका मी उभ्या जन्मात पत्करला आहे. पण हात असा कधी थरथरला नव्हता. प्लास्टिकचे विमान ते! सौ. दारात उभी होती. “एवढं केलंत आणि आता कापता?” म्हणाली. मी कापले. चंदेरी भुसा मांडीवर पडला.

मग नाना रोज दुपारी येऊ लागले. इंजिनासाठी रिकाम्या रिफिलीची नळी, जुन्या पंख्याच्या वाइंडिंगची तार आणि सोल्डर वापरले. नळ्या कशा वळतात ते नाना माझ्या तळहातावर बोटाने काढून दाखवीत. पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीचे वळण, पण बोट कुठे अडखळत नसे. “इथं हात जात नाही, नुसती दोन बोटं जातात. नट पडला तर तो सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही.” असे ते सांगत आणि नात वहीत लिहून घेई. तिने एवढे प्रश्न विचारले की सहा वर्षांची माझी कसर एका आठवड्यात भरून निघाली.

माणसे करणे मात्र मला जमेना. तांब्याच्या तारेचा सांगाडा, वर एम-सीलची लांबी. उंची एक इंचाच्या आत. पहिला माणूस झाला तो उकडीचा मोदक. दुसऱ्याला मान नव्हती. तिसऱ्या दिवशी माणूस माणसासारखा वाकला. दोघे गाडी मागे ओढणारे, एक शिडीवर, एक कागद हाती धरून उभा. चाकांपुढे ठोकळे, तेलासाठी खाली पत्र्याचा ट्रे, जमिनीवर एक पुसायचे फडके. वसुबारसेच्या आदल्या रात्री सगळे फळीवर पक्के केले आणि मी नानांना विचारले,

“यातले तुम्ही कोण?”

“मी यात नाही.”

“का बरं?”

“मी खाली असायचो. पोटाखाली.” आणि ते हसले. “नुसते पाय दिसतील बघा.”

मी रात्री अकरा वाजता पाचवा माणूस केला. म्हणजे त्याचे पाय केले. गुडघ्यापर्यंत, पुढचा भाग विमानाखाली जातो, तो करायची गरजच नव्हती. एक टाच किंचित उचललेली ठेवली, कारण जोर लावताना ती उचलते, असे नाना म्हणाले होते.

दिवाळीत मुलांनी खालच्या अंगणात किल्ला केला होता. नातीचा हट्ट, की विमान किल्ल्याशेजारी मांडायचे. माझा व्हर्निअरचा जीव कळवळला! एकीकडे वीतभर महाराज आणि बोटभर मावळे, शेजारी नखाएवढे फिटर. पण मी काही बोललो नाही. काचेचे झाकण घातले, पणत्या जरा लांब सरकवल्या, आणि नानांसाठी खुर्ची मांडली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वसाहतीतली बरीच मंडळी किल्ला बघायला आली. नात प्रत्येकाला तेच सांगत होती. हे इंजिन, ही गाडी, हा नट पडला तर कोणी घरी जायचे नाही. एका छोट्या मुलाने काचेला नाक लावून विचारले, “यात तुझे आजोबा कुठंयत?”

तिने खाली वाकून बोट दाखवले. “ते काय, पाय दिसतायत ना, ते.”

नानांना तेवढ्या लांबून काहीच दिसत नव्हते. पण त्यांनी ऐकले असावे. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी उजवी टाच किंचित उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

आमच्या कपाटातला एक खण सध्या रिकामा आहे. तो देखावा समोरच्या घरी असतो. सौ. म्हणते, मग तिथे टी-सेटचे चार कप तरी मावतील. मावतील, नाही म्हणत नाही. पण उरलेल्या विमानांपाशी एकेक तरी माणूस उभा करायचा, असे मी मनाशी धरले आहे, आणि माणसांना जागा लागते.